जळू आणि पेज

“…मग सांगा ना माय, दुसऱ्या जिवाला न मारता पोट भरायचं कसं?”

हेरंबनं विचारलं खरं, पण त्याला उत्तर नको होतं. त्याचं ठरलेलं होतं.

गिरजामायनी वाडगा त्याच्यापुढे सरकवला. घाटमाथ्यावरच्या त्या लहानशा मठात त्या एकट्याच राहायच्या. शिकायला कोणी आलं तर ठेवून घ्यायच्या. समोर नाचणीची पेज निवत होती.

हेरंब आला तेव्हा चांगला धट्टाकट्टा होता. आधी त्यानं कंद सोडले; कंद उपटला की अख्खं रोप मरतं. मग धान्य सोडलं. दाण्यात कोंब निजलेला असतो. मग गळून पडलेली फळंही सोडली, त्यांत अळ्या असतात म्हणून. आता नुसतं पाणी. तेही गाळून.

“झाड बघा. उन्हावर जगतं, कुणाला मारत नाही. मला झाड व्हायचंय.”

आवाजात ताठा होता. गालफडं मात्र बसली होती.

“मग आधी हिरवा हो,” माय म्हणाल्या.

तो हसला नाही. पाणी आणायला म्हणून उठला, आणि ओढ्यावरून परतताना पायरीशीच कोसळला.

मायनी त्याला कसंबसं आत ओढून दाराशीच भिंतीला टेकवून बसवलं. त्याच्या घोट्यावर जळू चिकटली होती, रक्त पिऊन टम्म फुगलेली. मायनी मिठाचं मडकं जवळ ओढलं.

हेरंबनं त्यांचा हात धरला.

“नको… पिऊ दे तिला.”

“अरे, तुझं रक्त पितेय ती.”

“भूक लागली असेल बिचारीला. तिनं तरी काय करावं?”

“पाप नाही लागणार तिला?”

“भुकेचं कसलं पाप, माय…”

तो बोलता बोलता थांबला.

…

बाहेर पावसाची बुरबुर चालू होती. जळूचं पोट भरलं. ती आपसूक सुटली आणि उंबऱ्यावरून ओल्या पाल्यात निघून गेली.

मायनी वाडगा उचलून त्याच्या ओठांशी धरला.

हेरंब कितीतरी वेळ पेजेकडे बघत राहिला.

“माफ कर,” तो पुटपुटला. मायना नव्हे, पेजेला.

मग एक घोट घेतला. मग दुसरा. पोटात ऊब पसरली तसा तो रडू लागला, आणि रडता रडता हसूही लागला. इतके दिवस छातीत कोंडलेला श्वास मायनी सोडला.

वाडगा रिकामा झाला.

“माय… एक दिवस मलाही कोणीतरी खाईल, नाही? किडे… मुंग्या… झाडांची मुळं…”

“खातील की. पण आत्ता तुझ्या अंगावर आहे काय त्यांना खायला? वाडगा पुढे कर.”