उशाशी बसलेली सुईण

फार जुन्या काळची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात येसाई नावाची सुईण होती. चाळीस वर्षं तिनं गावातली बाळंतपणं केली. निम्म्या गावानं पहिला श्वास घेतला तो तिच्याच हातांत.

पण वय कुणाला चुकलंय? येसाईचे हात थरथरू लागले. एकदा नाळ कापताना सुरी निसटली. बाळाला काही झालं नाही, येसाईचं बोट तेवढं कापलं. घरी येऊन ती आपल्या हाताखाली शिकलेल्या सुनेला म्हणाली, "सगुणे, आजपासून तू जात जा."

काम दिलं, पण त्यातून जीव काही सुटेना. सगुणा जाईल तिथं येसाई मागोमाग जाई आणि दारात उभी राहून सूचना देई. अखेर एके दिवशी सगुणा हळूच म्हणाली, "आत्याबाई, रागावू नका. तुम्ही मागून बोललात की माझा हात बिचकतो."

येसाईला ते फार लागलं. ती दोन दिवस धड जेवली नाही. 'आता माझा कुणाला उपयोग नाही,' असं म्हणत अंगणात बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुंभारवाड्यातून निरोप आला. कुंभाराची सून सकाळपासून अडली होती आणि सगुणानं येसाईला बोलावलं होतं. येसाई लगबगीनं उठली. 'शेवटी लागलेच ना माझे हात,' तिच्या मनात आलं.

पण सगुणा म्हणाली, "बाळाचं मी बघते, आत्याबाई. पोर भ्यालीय, कळ आली की अंग चोरते. तुम्ही तिच्या उशाशी बसा."

नुसतं बसायचं? येसाईला वाटलं, आल्या पावली परत जावं. तेवढ्यात त्या पोरीनं तिचा हात घट्ट धरला.

"आजी, मी मरते का गं?"

एरवी येसाई म्हणाली असती, 'बोलू नको, जोर लाव.' आज तिला दुसरं काही कामच नव्हतं. तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं.

"मलाही तसंच वाटलं होतं, बाळा. समद्यांनाच वाटतं. भ्यायचं तेवढं भी. मी हितनं हलत नाही."

थरथरता हात कपाळावरून फिरत राहिला. पोरीचा श्वास हळूहळू लयीत आला. पुढची कळ आली, तेव्हा तिनं अंग चोरलं नाही. दिवस मावळायच्या आत बाळ रडलं.

सगळे बाळाकडे बघत होते. येसाई त्या आईकडे बघत होती. रडणं ऐकताच त्या दमलेल्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते बघून तिचे डोळे भरून आले.

वाटेत ती सुनेला म्हणाली, "इतकी पोरं जन्माला आणली, पण त्या घडीला आईचं तोंड कधी पाहिलंच नाही बघ. सारं ध्यान हातातल्या पोरात."

"मग उद्यापासून दोघी जात जाऊ," सगुणा म्हणाली.

येसाई रोज सांजवात लावताना देवाकडे हातांत बळ मागायची. त्या संध्याकाळी तिनं काहीच मागितलं नाही. समाधानानं हात जोडले आणि पोटभर जेवली. पुढं गावात रीतच पडली. सगुणाला बोलावणं जाई, तेव्हा लोक सांगत, "येसाईलाही आणा. उशाशी तीच हवी."

म्हातारपण हातातलं काम काढून घेतं, पण जो त्यावरचा रुसवा सोडतो, त्याला ते माणसाजवळ बसायला शिकवतं.