विदुषी सरकली नाही

फार पूर्वी, ज्या राज्याचे नावही आता कुणाला आठवत नाही, तिथे एक कविसभा भरत असे. नगारा वाजला की सभा सुरू होई. नव्या कवीने उभे राहून कविता म्हणायची. ती पटली, तर बसलेल्यांपैकी कुणीतरी आपल्या बैठकीवर थोडे सरकायचे. तेवढी जागा म्हणजेच मान्यता. कुणीच सरकले नाही, तर आल्या वाटेने परत जायचे.

त्या सभेत एकच स्त्री होती. तिला सगळे विदुषी म्हणत. तीही कितीतरी वर्षे उभी राहिली होती. दरवेळी सभापती म्हणत, "रचना बरी आहे. भाषा तेवढी सभेला शोभेशी नाही." अखेर एक वृद्ध कवी सरकले आणि ती बसली. त्यानंतर आपल्या एकाही शब्दावर तिने कुणाला बोट ठेवू दिले नाही.

एका वर्षी कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीतली एक तरुणी सभेपुढे उभी राहिली. तिची कविता त्या नगाऱ्यावरच होती. घरची गाय मेली तेव्हा आई कशी रडली, मग डोळे पुसलेल्या त्याच हातांनी तिने नगाऱ्यासाठी कातडे कसे सोलले, आणि ज्या नादाला राजा उठून उभा राहतो, त्यात आईला आपली गाय कशी हंबरताना ऐकू येते.

विदुषीच्या अंगावर काटा आला. सरकण्यासाठी तिने हात टेकलाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी हसले. "एकीला बसवलं, आता अख्खी गल्ली येणार!"

सभापती म्हणाले, "विदुषीबाई, बायकांचं तुम्हालाच कळायचं. तुम्हीच सांगा."

आपण सरकलो, तर उद्या आपल्यालाही हिच्याच रांगेत मोजतील, असे विदुषीला वाटले. तिने हात मागे घेतला.

"रचना बरी आहे," ती म्हणाली. "भाषा तेवढी सभेला शोभेशी नाही."

तरुणीने तिच्याकडे पाहिले. "या पुरुषांचं मला काही वाटलं नसतं, बाई. तुम्ही बसलेल्या दिसलात, म्हणून तर उंबरा ओलांडला." आणि ती निघून गेली.

"वा!" सभापती म्हणाले. "आज तुम्ही खऱ्या आमच्यातल्या झालात."

त्या स्तुतीने विदुषीचा चेहरा जळाल्यासारखा झाला. तिला कुणाच्याही नजरेला नजर देता येईना.

दुसऱ्या दिवशी ती वस्तीत गेली. तरुणी कातडे घासत होती.

"पुढच्या सभेला ये. मी सरकेन."

"कविता वाईट होती का?"

"नाही."

"मग काल का नाही सरकलात?"

दुसऱ्याच्या ओळीतला दोष विदुषी क्षणात सांगत असे. आपला दोष सांगायला तिला फार वेळ लागला.

"भ्याले," ती म्हणाली.

"खरं बोललात, बरं झालं. पण मी नाही यायची. माझं ऐकायला इथं माणसं आहेत. तुम्हाला धीर कधी येतो, याची वाट बघत मी तिथं उभी राहू होय?"

पुढच्या सभेत विदुषीने आपली भीती सर्वांसमोर कबूल केली. त्यानंतर प्रत्येक नवख्यासाठी तीच आधी सरकत राहिली. पण त्या वस्तीतून पुन्हा कुणी आले नाही, आणि तिची लाजही कधी ओसरली नाही.

तात्पर्य: कष्टाने आत गेलेल्याने मागून येणाऱ्याची वाट अडवली, तर त्याला मिळालेली जागा पहारेकऱ्याचीच ठरते.