चिंचेपाशी थांबलेली दवंडी

एका नगरात हैबती नावाचा दवंडीवाला राहत होता. आवाज असा खणखणीत, की त्याने हलगी वाजवून तोंड उघडले की बाजारातली घासाघीस जागच्या जागी थांबे. राजाची नवी आज्ञा निघाली की कचेरीतून तिचा कागद हैबतीच्या हाती पडे. तो त्याने वस्तीवस्तीत वाचून दाखवायचा आणि परत येऊन दवंडी सगळीकडे फिरल्याची वर्दी द्यायची. वर्दी दिली, की आज्ञा सर्वांना कळली असे धरले जाई. मग कोणी 'मला ठाऊक नव्हते' म्हणाले, तरी ते ऐकून घेत नसत.

हैबती तसा कामचुकार नव्हता. पण कुंभारवाडा होता नदीपलीकडे. जायचे तर गुडघाभर पाण्यातून जावे लागे, आणि पाय भिजवायचे त्याच्या अगदी जिवावर येई. म्हणून तो अलीकडच्या चिंचेखाली उभा राही, नदीकडे तोंड करून दोनदा ओरडे आणि माघारी फिरे. आपला आवाज पाण्यावरून आपोआप पलीकडे जातो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. जात मात्र नव्हता. पलीकडे दिवसभर मडकी थोपटण्याचा गलका चाले. त्यात याची हलगी कोणाला ऐकू येणार?

एके वर्षी तळ्याचा बांध खचला. राजाने आज्ञा काढली की बांधालगतची माती कोणी खणू नये, आणि जो खणेल त्याने गाव सोडून जावे. हैबतीने ती बाजारात वाचली, पेठेत वाचली आणि शेवटी चिंचेखाली वाचली. मग कचेरीत नेहमीसारखी वर्दी दिली.

पंधरा दिवसांनी सगुणा कुंभारीण बांधापाशी माती खणताना सापडली. आजेसासूच्या काळापासून त्या घरची माती तिथूनच येत होती. शिपायांनी तिला दरबारात उभे केले. तीन दिवसांत गाव सोडावे लागेल, असे न्यायाधीशांनी सांगितले, तेव्हा तिला काही उमजेना. मडकी भाजायचा तिचा आवा नुकताच रचून झाला होता. घर, चाक, आवा सोडून ती या वयात जाणार कुठे?

राजाने विचारले, "बाई, दवंडी ऐकली नाहीस?"

सगुणाने नकारार्थी मान हलवली. हैबती तिथेच खांबाशी उभा होता. त्याच्या घरचा पाण्याचा रांजण तिच्याच हातचा होता. तिने त्याच्याकडे पाहिले, आणि त्याला वाटले, आता ही आपले नाव घेणार.

"हैबतीदादा येऊन गेले असतील, महाराज," ती म्हणाली. "मीच धुराधुळीत असेन. त्यांच्याकडून चुकायचं नाही."

हैबती गप्प राहिला असता तर त्याला कोणी विचारणारही नव्हते. खोटी वर्दी देणाऱ्याची हलगी काढून घेत, आणि हलगीवाचून त्याला दुसरे काम येत नव्हते. पण बाई स्वतः बुडत असताना त्याला सांभाळून घेत होती, हे काही त्याला सोसवेना. तो पुढे झाला आणि त्याने हलगी राजासमोर जमिनीवर ठेवली.

"महाराज, मी नदी कधी ओलांडलीच नाही. पाय भिजतात म्हणून चिंचेखालूनच परत येत होतो. वर्दी खोटी दिली. बाईचा काही दोष नाही."

राजा रागावला, आणि रागावणारच. पण मग तो म्हणाला, "आज्ञा माझी, आणि ती रयतेला कळणार की नाही हे एका माणसाच्या पायांवर सोडलं होतं. चूक माझीही आहे."

त्याने सगुणाची शिक्षा तिथेच रद्द केली. सगुणा हात जोडून म्हणाली, "महाराज, आज्ञा ओल्या मातीवर लिहून द्या. मी भाजून देते. पाण्याने पुसायची नाही, ज्याला हवी त्याने हवी तेव्हा वाचावी. फक्त आता माती कुठली घ्यायची, तेवढं सांगा."

हे राजाला आज्ञा काढताना सुचलेच नव्हते. त्याने कुंभारांना माळापलीकडची जागा नेमून दिली. महिनाभरात प्रत्येक पाणवठ्यावर आणि चावडीवर भाजलेल्या पाट्या लागल्या, रोजच्या बोलण्यातल्या भाषेत लिहिलेल्या.

हैबतीला हलगी वर्षभर मिळाली नाही. त्याऐवजी रोज नदी ओलांडून कुंभारवाड्याच्या पाटीपाशी बसायचे आणि वाचता न येणाऱ्यांना ती वाचून दाखवायची, असे काम मिळाले. सुरुवातीला तो लाजून मान खाली घालून वाची. पुढे लोक शंका विचारू लागले, आणि त्या तो कचेरीत जाऊन सांगू लागला. वर्ष संपल्यावर राजाने हलगी परत दिली. हैबतीने ती गळ्यात अडकवली, धोतर गुडघ्यावर खोचले आणि पहिली दवंडी नदीपलीकडे जाऊन दिली.

तात्पर्य: जो कायदा लोकांपर्यंत पोचलाच नाही, तो मोडल्याचा दोष लोकांना देता येत नाही; म्हणून तो पोचवणाऱ्याने शेवटच्या घरापर्यंत जावे, आणि गेला नसेल तर तसे खरे सांगावे.