हातभर दोर

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. बाहेर जायला त्याला एकच वाट होती, घाटाची.

एका वर्षी घाटात दरड कोसळली आणि ती वाट बुजली. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून येणारे व्यापारी पलीकडेच अडकले.

पाटलांनी गाव गोळा केलं. म्हणाले, "वाट मोकळी व्हायला चार महिने लागतील. वाण्याकडे बाजरी आहे, गावाच्या पेवात ज्वारी आहे. तोंडं मोजून वाटली तर सगळ्यांना पुरते. उद्या पेव उघडू, परवा वाटू. कुणी घाई करू नका."

पेव म्हणजे जमिनीच्या आत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत मात्र खोलीएवढी जागा. महिनोन्‌महिने बंद राहिलं की त्यात जहरी वारा साठतो. तो दिसत नाही, पण माणसाला मारतो. म्हणून पेव एक दिवस उघडं ठेवायचं, मग लांब दोराला दिवा बांधून आत सोडायचा, अशी गावाची रीत होती. दिवा जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. हे काम एक म्हातारी बघायची. सारं गाव तिला आजी म्हणायचं.

पाटलांचं सगळ्यांनी ऐकलं, माना डोलावल्या. पण घरी जाता जाता कुणीतरी म्हणालं, "चार म्हणतात म्हणजे आठ महिने धरून चाला." पुढच्या आळीत पोचेपर्यंत आठाचं वर्ष झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वाण्याच्या दारात ही गर्दी!

"अहो काका, तुम्ही दोनच माणसं घरात," वाणी एका म्हाताऱ्याला म्हणाला. "तीन पोती कशाला?"

"पाहुणे येतील."

"येतील कुठून? घाट बंद आहे ना!"

म्हाताऱ्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं आणि पोतं उचललं.

पोत्यांची तोंडं बांधायला सुतळी उरली नाही. चावडीत गावाचा लांब दोर गुंडाळून ठेवलेला होता. एकानं त्यातला हातभर कापून घेतला. "एवढ्यानं काय होतंय," म्हणाला. त्याचं बघून दुसऱ्यानं कापला, मग तिसऱ्यानं. दुपारच्या आत अख्खा दोर संपला.

त्या गावात तुळसा नावाची एक बाई होती. वाईट नव्हती हो ती. घरात दोन लेकरं आणि मडक्यात दोन दिवसांचं पीठ, एवढंच. वाण्याकडून तिला अर्धं पोतं मिळालं होतं. तेही बांधताना तिनं हातभर दोर कापला होता.

"अहो, लोक पेवाकडे निघालेत," ती नवऱ्याला म्हणाली. "उद्यापर्यंत थांबलो तर तळाची माती मिळेल. चला."

तिचा नवरा हैबती म्हणाला, "अगं, पण आजीचा दिवा..."

"दिव्याचं कौतुक राहू द्या. लेकरांना काय दिवा खायला घालू?"

पेवापाशी सगळे जमले ते पाठीवर भरलेली पोती घेऊनच. घरी ठेवलं तर शेजारी नेईल, ही भीती. आणि शेजारीही तिथंच, पाठीवर पोतं घेऊन! आजी ओरडत होती, पण तिचं ऐकतं कोण? चारजणांनी तोंडावरची शिळा सरकवली. भिंतीतल्या खोबण्यांत पाय ठेवत हैबती पहिला उतरला.

"टोपली टाका!" आतून आवाज आला. मग थोड्या वेळानं, "तुळसे... डोकं गरगरतंय गं."

आणि धपकन आवाज झाला.

तुळसा तोंडाशी धावली. तिला मागं ओढून दुसरा एकजण उतरू लागला. आजीनं त्याची मुंडीच धरली. "उतरशील तर दोन मढी काढावी लागतील! दोर आणा. दोराला घोंगडं बांधून खालीवर करू, जहरी वारा बाहेर निघेल. मग दिवा, मग माणूस. पळा!"

आरडाओरडा ऐकून आलेले पाटील चावडीत धावत गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. "दोर कुठाय?"

जो तो आपल्या पोत्याच्या गाठीकडे बघू लागला. आतून हैबतीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

तुळसानं आपल्या पोत्याचं तोंड सोडलं. दोराचा तुकडा हातात धरून म्हणाली, "हा माझा. एकटीचा कितीसा पुरणार?"

"पण सोडलं तर सगळं सांडेल की," कुणीतरी पुटपुटलं.

"सांडू दे रे दादा. माझा माणूस आत आहे."

पाहुण्यांसाठी बाजरी नेणाऱ्या म्हाताऱ्यानं आधी पोतं खाली टाकलं. गाठ काही सुटेना, तर दातांनी सोडली. मग एकेक करत सगळेच वाकले. पोती कलंडली, बाजरी पायाखाली पसरली, आणि तुकड्याला तुकडा बांधत पुन्हा लांब दोर झाला.

"गाठी ओढून बघा," आजी सांगत होती. "एक सुटली तरी माणूस गेला."

घोंगडं वीसदा खालीवर झालं. दिवा सोडला. विझला. पुन्हा घोंगडं, पुन्हा दिवा. आतून येणारी घरघर आता थांबली होती. तुळसानं पदर दातांत धरला. या खेपेला ज्योत लवली, थरथरली, आणि टिकली.

पाटील स्वतः कमरेला दोर बांधून उतरले. हैबतीला वर ओढलं तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. आजीनं त्याचं तोंड वाऱ्याकडे केलं, तळपाय चोळले. बराच वेळ काही होईना. मग तो खोकला. डोळे उघडून म्हणाला, "लेकरं जेवली का गं?"

तुळसा तिथंच मातीत बसली.

आता बाजरीचा एकच ढीग झाला होता. कोणाची किती, कोण सांगणार? एकानं सुरुवात केली, "माझं दीड पोतं होतं..." पण हैबतीकडे नजर गेली आणि त्यानं तोंड मिटलं.

मग पाटलांनी तोंडं मोजून वाटणी केली. बायका सात दिवस बाजरीतले खडे वेचत होत्या. घाट मोकळा झाला त्या दिवशीही पेवात थोडी ज्वारी शिल्लक होती.

हैबती जगला. पण पुढं कधी चढ लागला की त्याला धाप लागायची. मग तुळसा त्याच्या डोक्यावरचा भारा आपल्या डोक्यावर घ्यायची.

लक्षात ठेवा: संकटात घाबरून जो तो आपल्यापुरतं ओढू लागला, की सगळ्यांना तारणारंच आधी तुटतं.