काळे दाणे

एकदा एका प्रयोगशाळेत एक वृद्ध आचार्य आणि त्यांची हुशार शिष्या काम करीत असत. काम नाजूक होते. झाडाचे पान औषधात मुरवायचे, मद्यार्कात सावकाश सुकवायचे, राळेत घट्ट बसवायचे, मग केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका पातळ काप काढून शिशाच्या द्रावणाने रंगवायचा, की तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवता येई. तयारीत आठवडा जाई, पाहणे घटकाभराचे.

एक बागायतदार मोसंबीची पिवळी पडलेली पाने घेऊन आला. रंगवण्याच्या दिवशी तो शेजारी बसून होता. मग काय, शिष्येला उत्साहाचे भरते आले. रंगाच्या ताटलीवर वाकून तिने त्याला सारी विद्या समजावून सांगितली. मग काप सूक्ष्मदर्शकात ठेवला, तर पडद्यावर काळे गोल दाणे उमटले.

"विषाणू आहे," ती म्हणाली. "बाग ठेवू नका, शेजाऱ्यांच्याही जातील."

बिचारा मान खाली घालून गेला. चारशे झाडे तोडायला त्याने दुसऱ्या दिवसासाठी माणसे बोलावली.

त्याच संध्याकाळी आचार्यांनी त्या दाण्यांचे छायाचित्र पाहिले, पण शाबासकी दिली नाही. कपाटातून त्यांनी राळेचा एक कोरा ठोकळा काढला. "यात पान नाही. याचा काप काढ आणि रंगव. रंगवताना आज बागायतदारांना सांगितलंस तसं मलाही सगळं सांग."

शिष्येला राग आला. "सर, हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

तरी सकाळी येताच तिने ते केले, बोलत बोलत केले. पडद्यावर पाहते तो काय, पान नसताना तेच दाणे!

आचार्य शांतपणे म्हणाले, "शिशाच्या त्या पाण्याला माणसाचा श्वास लागला की असे दाणे धरतात. माझ्या कापावरही धरले होते, आणि मी त्यांना विषाणू समजून निबंध लिहिला होता. बघायला बसलं की माणूस स्वतःही थोडा त्या चित्रात उतरतो, बाळ. म्हणून आधी काहीच नसलेलं बघावं. तिथे दिसतं ते आपलं. ते वजा करून उरेल त्याला रोग म्हणावं."

तिने तोंडावर फडके बांधले, पानाचा नवा काप घेतला आणि चकार शब्द न काढता रंगवला. या वेळी एकही दाणा नव्हता. तिने धावत जाऊन फोन लावला.

"काका, झाडं तोडू नका. मी दाखवलेले दाणे रोगाचे नव्हते. ती माझी चूक होती."

पलीकडे कुऱ्हाडींचा आवाज येत होता. बागायतदाराने ओरडून तो थांबवला. "किती गेली?" तिने भीत भीत विचारले.

"तीन. म्हणजे बाग निरोगी आहे का, ताई?"

"ते अजून माहीत नाही. पानं पिवळी का पडली ते मला शोधायचंय."

"मग आज पाणी देऊ ना झाडांना?" त्याने विचारले.

"द्या," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळले.