वरवाडीची वाकडी शीव

पाव्हणं, तुम्ही पक्षाची माणसं. तिकीट कुणाला द्यावं हे वाडीला विचारायला आलात. विचारा सावकाश. आधी ही दगडांची ओळ बघा. ही आमच्या वरवाडीची शीव. झरा तिच्या पलीकडं, चार पावलांवर. त्यातलं घागरभर पाणी घ्यायचं तरी खालच्या गावाला विचारावं लागतं.

पूर्वी झरा आमचाच होता, असं सांगतात. मग दोन गावांत तंटा लागला. देशमुखानं निवाडा दिला म्हणे, की वरवाडीनं आपल्यातला एक माणूस निवडावा, त्यानं डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालावं, अन् त्याची पावलं जातील ती शीव. थांबायचं नाही, मागं वळायचं नाही. कुणी वाट सांगितली तर झरा समोरच्यांचा.

देवळापुढं दोन नावं निघाली. एक ठकू धनगरीण. रोज मेंढरांमागं फिरणारी, शिवेचा दगड न् दगड तिच्या पायाखालचा. दुसरा रायाजी. अंगानं धिप्पाड, बोलण्यात पटाईत, पण या रानात कधी फिरकला नव्हता. सगळ्यांच्या मनात ठकूच होती. पण जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसला. ‘मला चालेल हो, बाकीच्यांना बाईमाणूस चालायचं नाही. आपलं मत वाया कशाला घालवायचं?’ झालं, सगळे हात रायाजीसाठी वर. शहाणे कुठले!

रायाजी रुबाबात निघाला. ठकू मागच्या घोळक्यात होती. करवंदीच्या जाळीपाशी खरी शीव डावीकडं वळायची. हा गेला सरळ पायवाटेनं, अन् झरा शिवेबाहेर राहिला. ठकूनं तोंडात पदर कोंबला. बोलली असती तरी झरा जाणारच होता.

त्या सांजेला ती घरोघर फिरली. एवढंच विचारायची, “तुझ्या मनात कोण होतं?” जो तो म्हणाला, “तूच गं बाई.” शेवटी रायाजीचं दार. तो मान खाली घालून म्हणाला, “माझ्याही मनात तूच होतीस.” ठकू मेंढरं घेऊन गेली, ती परत आली नाही.

तेव्हापासून वाडीनं माणूस निवडायचा तर आदल्या दिवसापासून कुणी कुणाशी बोलत नाही. ज्यांची नावं निघतील त्यांचं एकेक मडकं मांडायचं, अन् एकेकानं आत जाऊन खडा टाकायचा. मी इथला गुरव, मडकी मीच मांडतो. पण खरं सांगू? आजही सगळे गप्प राहतात अन् एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. गेल्या खेपेला मीही बघितलं, अन् भलत्याच मडक्यात खडा टाकला. लाज वाटते त्याची. माझ्या मनातल्या माणसाचं मडकं उपडं केलं, तर आत एकही खडा नव्हता. त्याचा स्वतःचासुद्धा नाही.