चिंचेने घासलेली बरणी

सोमवार, सकाळचे अकरा. संग्रहालयाला सुट्टी होती.

"पण सही का नाही करत, सर?" मकरंदने तिसऱ्यांदा विचारलं.

टेबलावर सफाईवाल्या हौसाबाईंना कामावरून काढायचा कागद होता. शेजारी संस्थानच्या राजेसाहेबांनी अमेरिकेहून आणलेली बरणी, एकोणीसशे पाच सालची. रंग तांबूस, पण उजेडात फिरवली की झिलईतून हिरवी-जांभळी मोरकंठी झाक सरकत जायची. आता एका अंगाला ती झाक उरलीच नव्हती. मंत्री येणार म्हणून हौसाबाईंनी बरणी चिंच आणि राख लावून घासली होती.

याच झिलईवर मकरंदने प्रबंध लिहिला होता.

"चिंच, सर! देवघरातला तांब्या वाटला का तिला?"

"विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

संग्रहालयाचे प्रमुख गोविलकर सर उठले. सहायक म्हणून आलेल्या मकरंदला हे काम त्यांनीच शिकवलेलं. दाराशी हौसाबाई पदर मुठीत धरून उभ्या होत्या. नोकरीची बावीस वर्षं झाली होती, पेन्शनला तीन वर्षं उरली होती.

"हौसाबाई, ही बरणी कशाची?"

"तांब्याचीच की. रंग दिसतोय न्हवं?"

"घ्या हातात."

त्या दोन पावलं मागे सरल्या. "नगं, सर. जागेवर पुसायचं, उचलायचं न्हाई. पयल्यापासनं तसाच नेम हाय."

"नेम बरोबरच आहे," मकरंद पुटपुटला.

सरांनी बरणी त्यांच्या हातांत ठेवली.

न सांगता हौसाबाईंचा अंगठा बुडाखाली गेला. तिथे झिलई नव्हती. अंगठा थांबला. पुन्हा फिरला...

"आगं बाई... माती हाय ही!"

त्या बरणी पोटाशी धरून खालीच बसल्या. "कुंभाराची लेक मी, सर. मातीला कुनी चिंच लावतंय व्हय?"

...

मकरंदने कागद सरांपुढे सरकवला. मग स्वतःच मागे ओढला.

"वर काय कळवू, सर? कुणाची चूक म्हणून लिहू?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"लिही. बावीस वर्षांत ही बरणी त्यांच्या हातात कोणी दिली नाही. मीसुद्धा."